लेकीची भांडी आणि आपला भांडी बाजार

नाशिक

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

लेकीच्या लग्नाची तांब्या-पितळेची भांडी मोबाइलवरूनच मागवणार म्हणतोस. तू पाठवलेल्या यादीत लिटर आहेत, वजन कुठेच नाही, आणि तांबं-पितळ तर किलोवर घ्यायचं असतं. पाच लिटरचं पातेलं एक किलोतही होतं आणि पावणेदोन किलोतही. हलकं पातेलं स्वस्त दिसतं, पण त्यात भाजी तळाला धरते आणि बुडाला लवकर पोचे पडतात. किंमत वजनाने भागून बघ, मग सवलत किती खरी ते कळेल.

सराफ बाजाराला लागून असलेल्या भांडी बाजारात जा. गाडी मेन रोडला घालू नकोस. सीबीएसपासून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापासून, रिक्षा कर. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार असतो, तो दिवस टाळ. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की जाणं पुढे ढकल, कारण पूर मोठा असला तर पाणी याच गल्ल्यांत शिरतं.

दुकानात आधी पत्र्याचं गेज, म्हणजे जाडीचा आकडा, विचार. आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो: १८ गेज म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, २४ म्हणजे अर्ध्याहून जरासा जास्त. रोजच्या पातेल्याला १८, फार तर २०. रुखवतात नुसत्या मांडायच्या कळशीला पातळ पत्रा चालेल. लोहचुंबक खिशात असू दे; चिकटला तर आत लोखंड आहे. ठोक्याचं भांडं म्हणाले तर ठोके नीट बघ. यंत्राने उठवलेले ठोके सगळे सारखे असतात, हाताचे थोडे मागेपुढे पडतात. हाताच्या ठोक्याने पत्रा कडक होतो, तो दिसण्यापुरता नसतो. आणि इथलं सगळंच इथे घडतं असं समजू नकोस. बराच माल भंडारा, मुरादाबादहून येतो. विचारलंस तर चांगला दुकानदार सांगतो.

घरची जुनी भांडी मोडीत देणार असशील तर आधी घरीच वजन करून ठेव. मोडीचा भाव आणि नव्याचा भाव एकाच वेळी विचार, घडणावळ वेगळी काढायला सांग. लोखंडी कड्या, डाखाचे (दुसरा धातू वितळवून जोडलेले) सांधे यांची घट, म्हणजे वजनातली वजावट, धरतात, ती रास्त आहे. अंदाजाने धरलेली घट मात्र मान्य करू नकोस. काट्यावर वैधमापनाचा शिक्का बघ. कांशाची वाटी पितळात जाऊ देऊ नकोस! कांशात तांब्याबरोबर सुमारे बावीस टक्के कथील असतं, भाव जास्त येतो. टिचकी मारली की नाद लांबतो. जुनं देऊन नवं घ्यायची ही अदलाबदल तुझ्या मोबाइलवर कोण करणार?

आता खरा मुद्दा: कल्हई, म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर. पितळेच्या पातेल्यात चिंच, टोमॅटो, ताक कल्हईशिवाय घातलं की अन्न कळकतं. कल्हईवाला आधी भांडं घासून जुना थर काढतो, तापवतो, नवसागर टाकतो, धूर निघाला की कथील लावून कापसाने फिरवतो. शुद्ध कथीलच वापरायला सांग. डाखाच्या मिश्रणात शिसं असू शकतं, ते जेवणाच्या भांड्यात नको. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून रिकामं पातेलं आचेवर ठेवायचं नाही, तेल धुरावेपर्यंत तापवायचं नाही. आतून तारेची घासणी नको, चिंच-मीठ बाहेरूनच. आत पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई. हंडा पाण्यासाठी असेल तर तांब्याला कल्हई नको. पण चकाकी टिकावी म्हणून वरून पारदर्शक वार्निश मारलेलं नाही ना, ते विचार. आतून मारलेलं असेल तर घेऊच नकोस.

हे सगळं करणारे तांबट, पॉलिशवाले, कल्हईवाले त्या दुकानांच्या कामावर जगतात. गिऱ्हाईक मोबाइलवर गेलं की आधी दुकानाच्या ऑर्डरी आटतात, मग हातोड्याचं काम, आणि शेवटी लेकीच्या पातेल्याला कल्हई कुठे मिळेल हा प्रश्न उभा राहतो. कंपनीचा माणूस फाटलेली कडी जोडायला यायचा नाही. इथे भांडी घेताना दुकानदाराला सरळ विचार, कल्हई आणि कडीची दुरुस्ती कोण करून देतो. उत्तर नसेल तर शेजारच्या दुकानात जा.

पक्कं बिल घे, त्यावर वजन आणि धातू लिहून घे. पैसे खात्यातून यूपीआयने दे. २०२० पासून त्यावर दुकानदाराला शुल्क पडत नाही, क्रेडिट कार्डावर पडतं, म्हणून तिथे कुरकुर होते. घासाघीस घडणावळीत कर, धातूच्या भावात फारशी होत नाही.

परात शेवटी घे. ती सपाट जागेवर ठेवून हलते का बघ, कड हाताला लागते का तेही. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. कोणत्या रविवारी येतोस ते कळव, वजनाचा कागद बरोबर आण.

तुझा,
बाळू