ताईला, पोर्टलंडहून

पोर्टलंड, रविवार

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "चाळिशी आली तरी जादूगारांची पुस्तकं वाचतीस?" तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी झाली आणि विषय राहिला. म्हणून लिहितोय. चंदगडला तू वाच, बेळगावला गेलीस की आईलाही वाचून दाखव.

ती पुस्तकं लिहिणारी अर्सुला ले ग्विन ही बाई याच गावात राहायची, 2018 च्या जानेवारीत गेली. इथं पाऊस आपल्या खानापूरसारखा कोसळत नाही, नुसता टिपटिपतो, पण महिनोन्‌महिने. वाचायला बरा.

1968 साली तिनं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' लिहिलं. बेटांचं जग, गेड नावाचं शेळ्या राखणारं पोर, जादूची शाळा. घमेंडीत तो एक सावली मोकळी सोडतो, मग तीच त्याच्या मागं लागते. शेवटी तो तिला स्वतःच्याच नावानं हाक मारतो. एक शब्द इकडचा तिकडं करता येत नाही. पण शाळा फक्त पोरांची. वर गावात म्हण: बाईची जादू दुबळी, बाईची जादू वाईट. हे लिहिणारी बाईच बघ की!

1971 च्या दुसऱ्या पुस्तकात टेनार येते, थडग्यांच्या अंधारात वाढलेली पुजारीण. तरी बाहेर पडायला गेडचीच वाट बघावी लागते. तिसरं 1972 चं. त्यातला राजपुत्र मला भावला नाही, सोडून देतो.

मग तब्बल 18 वर्षं गेली. 1990 ला, साठीत, ती पुन्हा त्याच बेटांवर आली. 'तेहानू' या चौथ्या पुस्तकातली टेनार शेतकऱ्याची विधवा आहे, जळालेल्या एका पोरीला सांभाळते. गेडची जादू संपलेली, तो परत शेळ्या राखतो. टेनारचा मुलगा बऱ्याच दिवसांनी घरी येतो, जेवतो, आणि भांडी म्हणजे बायकांचं काम म्हणून उठतो. ते जेवलेल्यांचं काम, असं त्याला ऐकवलं जातं. मी ते पान तीनदा वाचलं.

आपण इतकी वर्षं पुरुष होऊन लिहीत होतो, असं ले ग्विन पुढं सांगायची. मला हॉस्टेल आठवलं. पुण्यात मी "आलो, गेलो" म्हटलं की पोरी हसायच्या, तू काय मुलगा आहेस? आपल्याकडं आई, काकू, आज्जी सगळ्या असंच बोलतात, त्यानं कुणी बाप्या होत नाही. हिच्या इंग्रजीत आलो-आली हा फरकच नाही, म्हणून बहुतेक इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नसावं. तिच्यासुद्धा.

'तेहानू'वर तिनं शेवटचं पुस्तक असं छापलं होतं. तो शब्द मोडला ते बरं केलं. 2001 ला आणखी दोन आली. त्यात कळतं, ती शाळा उभी करण्यात बायकाही होत्या. मागाहून त्यांना बाहेर काढलं. पहिल्या पुस्तकातलं एक वाक्य न खोडता तिनं त्याच्या आधीचा इतिहास लिहिला. मेलेल्यांच्या देशाची दगडी भिंतसुद्धा शेवटी पाडली. ती भिंत तिनंच तर बांधली होती.

सहाही पुस्तकं पाठवतोय. चौथ्यापासून सुरू करू नकोस, पहिल्यावर उगाच राग धरशील. दाजी काही वाचायचे नाहीत. भांड्यांचं पान दुमडून ठेवलंय, ते जेवायला बसले की तेवढं मोठ्यानं वाच.

तुझी धाकटी