मथळ्यातली ‘दुसरी पृथ्वी’

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आपल्या पेपरात परत एकदा ‘दुसरी पृथ्वी सापडली’ असा मथळा बघितला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. आतापर्यंत किती दुसऱ्या पृथ्व्या झाल्या ते मोजणं मी सोडून दिलंय. खाली वाचत गेलं की कळतं, कुठल्याशा लाल बटू (म्हणजे सूर्यापेक्षा बराच लहान आणि थंड) ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह आहे आणि साइज साधारण पृथ्वीएवढी, बस्स.

आणि खरी गंमत त्यात कधी येतच नाही, की शास्त्रज्ञ या मिणमिणत्या ताऱ्यांच्याच मागे का लागलेत. तिथे राहायला छान म्हणून नाही हो, तिथे ग्रह पकडणं सोपं म्हणून! ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो, त्यावरूनच तो सापडतो. सूर्य फुटबॉलएवढा धरा, मग पृथ्वी म्हणजे २ मिलिमीटरचा मणी. हा मणी फुटबॉलसमोरून सरकला तर उजेड घटतो साधारण १२ हजारांत एक भाग, आणि तोही वर्षातून एकदाच. ट्रॅपिस्ट-१ हा असाच एक लाल बटू तारा त्याच मापात एखाद्या मोठ्या गोटीएवढा. त्याच्यासमोरून तोच मणी गेला की उजेड अर्ध्या टक्क्याहून जास्त पडतो, आणि सगळ्यात आतल्या ग्रहाचं वर्षच दीड दिवसाचं, म्हणजे हुकलं तरी परवा परत बघा. म्हणून तर चिलीतल्या जेमतेम ६० सेंटिमीटर आरशाच्या दुर्बिणीला तिथले पहिले तीन ग्रह घावले, २०१६ मध्ये जाहीर झाले, पुढच्या वर्षी सात झाले. अंतर ४० प्रकाशवर्षं, तरीही!

पण जे पकडायला सोपं तेच राहायला अवघड. ताऱ्याची धग कमी म्हणून ऊब हवी तर ग्रहाने अगदी खेटून फिरायचं, मग आपल्या चंद्रासारखी एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहायची शक्यता खूप, वर ताऱ्याचे फ्लेअर्स, म्हणजे अचानक उसळणारे भडके, आणि असे तारे तरुणपणी बराच काळ जास्त तापलेले असतात त्यात पाणी उडून गेलं असेल तर काय करायचं? २०२३ मध्ये जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीने ट्रॅपिस्ट-१ च्या सगळ्यात आतल्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचं तापमान मोजलं, सव्वादोनशे डिग्री सेल्सिअसच्या वर निघालं, दाट वातावरणाचा पत्ता नाही. ही बातमी कितीजणांनी पहिल्या पानावर घेतली?

तेव्हा विनंती एवढीच, मथळ्यात ‘पृथ्वीएवढा ग्रह’ लिहा. आणि निळे समुद्र, ढग वगैरे असलेलं चित्र छापायचंच असेल तर खाली ‘काल्पनिक’ असं लिहा, ठळक अक्षरात, कारण आमच्या घरातल्या पोराने तो फोटो समजून वहीत चिकटवलाय.

आपला एक जुना वाचक