लॅमिंग्टन रोडच्या काकांना, मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये भर पावसात, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली हार्ड डिस्क घेऊन तुमच्या टेबलाशी आलेली लालबागची मुलगी मी. तुमच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांची रीघ असते, त्यामुळे आठवेनच असं नाही. पण मला ती दुपार विसरता येत नाही, आणि तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते.

तुम्ही सोडून सगळ्यांनी मला एकच सांगितलं होतं, ‘फॉरमॅट मारा, होईल नीट.’ एका दुकानात तर डिस्क हातात घेऊन पाहिलीही नाही. गेलीय म्हणाले, नवीन घ्या. तुम्ही मात्र आधी विचारलंत, ‘आत काय आहे गं?’

आत माझे बाबा होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा ते साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. अडीच लाख कामगारांतले एक. हल्ली त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण भोंग्याच्या वेळा विचारा, धडाधड सांगतात. म्हणून गेल्या दिवाळीपासून मी मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करतेय. लॅपटॉप भरत आला, म्हणून सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवायला घेतलं. छोट्या फाईली गेल्या. आईने संपात डबे करून घर कसं चालवलं ते बाबा सांगतात, ती दीड तासाची 11 जीबीची फाईल मात्र काही केल्या जाईना. डिस्कवर 700 जीबी मोकळे दिसत होते आणि लॅपटॉप म्हणत होता, फाईल फार मोठी आहे!

तुम्ही डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलंत आणि तिथला ‘फॅट 32’ हा शब्द मला दाखवलात. डिस्कवर फाईली मांडायची ही पद्धत 1996 च्या सुमाराची, त्यात फाईलचा आकार लिहायला 32 बिटांचीच जागा. 4 जीबीच्या वरचा आकडा त्यात मावतच नाही. डिस्क कितीही रिकामी असो. कधीकाळी जुन्या टीव्हीला लावायला म्हणून कुणीतरी ती तशी फॉरमॅट करून दिली होती, हेही तेव्हा लक्षात आलं.

मग तुम्ही विचारलंत, घरात कुणाकडे मॅक, म्हणजे ॲपलचा कंप्युटर आहे का? पुण्याच्या भावाकडे आहे. ‘मग विंडोजची एनटीएफएस पद्धत नको, मॅकला ती वाचता येईल पण त्यावर काही लिहिता येणार नाही. एक्सफॅट करू, ती दोन्हीकडे चालते आणि मोठ्या फाईलीही मावतात.’ आणि फॉरमॅट मारण्याआधी डिस्कवरचे माझे 212 जीबी तुम्ही तुमच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घेतलेत. एवढा वेळ कोण कुणासाठी देतं?

पण काका, मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यानंतरचं. कॉपी सुरू झाली आणि मध्येच डिस्क गायब झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही काही न बोलता डिस्क उचलून कानाला लावलीत, डोळे मिटलेत. ‘टकटक नाहीये. मोटर फिरते, दमते, परत उठते. डिस्क चांगली आहे, हिला वीज पुरत नाही.’ मी चार तोंडांचा हब, म्हणजे एका यूएसबी तोंडाची चार करणारी डबी नेली होती, तिलाच माऊसही लावलेला. तुम्ही समजावलंत की यूएसबी 2 चं एक तोंड 500 मिलीअँपियर देतं, यूएसबी 3 चं 900, आणि हबला स्वतःची वीज नसेल तर तेवढ्यातच सगळ्यांनी वाटून घ्यायचं. हब बाजूला ठेवलात. डिस्कच्या बाजूची ती रुंद चपटी पिन बोटाने हलवून पाहिलीत, ती डुगडुगत होती. नवीन आखूड वायर लावलीत, थेट लॅपटॉपच्या निळ्या तोंडात. दोन मिनिटांच्या आत 11 जीबी पलीकडे. पैसे घेतलेत फक्त वायरचे.

निघताना तुम्ही बजावलेलं मी कपाटाच्या दाराला चिकटवलंय. कट करायचं नाही, कॉपी करायची. दोन्हीकडचा आकार ताडून पाहायचा, फाईल उघडून शेवटची पाच मिनिटं ऐकायची, मगच मूळ पुसायची. आणि इजेक्ट केल्याशिवाय वायर ओढायची नाही; लॅपटॉपने ‘झालं’ म्हटलं तरी काही भाग अजून लिहायचा राहिलेला असू शकतो, आणि एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेलं सावरायला नोंदवही नसते. माझ्या आधीच्या तीन फाईली अशाच बिघडल्या असणार. त्या गेल्याच, त्याचं वाईट वाटतं. पण बाबांनी त्यातल्या दोन गोष्टी पुन्हा सांगितल्या, थोड्या वेगळ्या.

तुमच्या टेबलाखाली जुन्या रेडिओंचे सांगाडे पाहिले होते, ते बाबांना सांगितलं. ते लगेच म्हणाले, ‘मग त्याला आवाजावरून कळणारच. साचा बिघडला की आम्हालाही आधी कानाने कळायचं.’ हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणूनही हे पत्र.

गणपतीत भाऊ आला होता. एक प्रत तो पुण्याला घेऊन गेला. तिकडे फाईल उघडली, आईच्या डब्यांपर्यंत पूर्ण ऐकली आणि रात्री फोन केला. तेव्हा मी लॅपटॉपवरची मूळ फाईल पुसली.

तुमची,
लालबागची मुलगी