शुल्क सवलतीची मर्यादा आठ लाखांवरच का अडली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीतून प्रवेश घेतलेल्या खुल्या प्रवर्गातील मुलाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) व ओबीसी मुलींना ते पूर्ण मिळू लागले. या निर्णयाचे मोल खान्देशातील पालकांना वेगळे सांगायला नको. मात्र दोन्हीकडे अट एकच आहे : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे.

ओबीसींच्या नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे आरक्षणाच्या लाभासाठीची, उत्पन्न मर्यादा २०१७ मध्ये ८ लाख झाली; शुल्क सवलतीची रेषाही त्याच आकड्यावर थांबून आहे. दरम्यान राज्य कर्मचाऱ्यांना सातवा वेतन आयोग लागू झाला, महागाई भत्ता अनेकदा वाढला. खासगी महाविद्यालयांचे शुल्क तर शुल्क नियामक प्राधिकरण संस्थेचा खर्च तपासूनच ठरवते. संस्थेचा वाढता खर्च जर हिशेबात धरला जातो, तर पालकाचा का धरू नये?

अमळनेरला आमच्या शेजारी वडील अनुदानित शाळेत लिपिक आणि आई अंगणवाडी सेविका आहेत. भत्त्याची थकबाकी एकदम हाती आली आणि आईचे मानधन मिळवताच दाखल्यावरचे उत्पन्न ८ लाखांच्या थोडे वर गेले. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची निम्म्या शुल्काची सवलत संपूर्ण गेली. काही हजारांच्या वाढीपायी त्याहून कितीतरी मोठी रक्कम घरातून भरावी लागावी, हे कोणत्या न्यायात बसते?

उत्पन्नाची मर्यादाच नको, असे माझे म्हणणे नाही. सरकारी पैसा गरजूंकडेच जावा. परंतु रेषा ओलांडताच सारे बंद करण्याऐवजी सवलत टप्प्याटप्प्याने कमी करता येईल. शिवाय एका वर्षाऐवजी तीन वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी धरावी. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला एखाद्या वर्षी चांगला भाव मिळतो आणि पुढच्याच वर्षी वादळात बाग आडवी होते. त्याचे उत्पन्न एका वर्षाच्या दाखल्यात कसे मावणार? जळगाव, धुळे व नंदुरबारच्या आमदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात मांडावा आणि मर्यादेचा फेरविचार पुढील प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी व्हावा, ही विनंती.

– एक पालक, अमळनेर (जि. जळगाव)