मुक्त सॉफ्टवेअर जपणाऱ्या संस्थांनाही निधी हवा

महोदय,

शाळांनी आणि सरकारी कार्यालयांनी मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणारे सॉफ्टवेअर, वापरावे अशी मागणी होते, तेव्हा परवान्याचा खर्च वाचतो हा मुद्दा हमखास मांडला जातो. तो खराच आहे. मात्र वाचलेल्या पैशातला थोडा वाटा ते सॉफ्टवेअर जपणाऱ्यांना मिळावा, असे फारसे कोणी म्हणत नाही.

उबुंटू किंवा फेडोरा या मुक्त संगणक प्रणाली सुरू केल्यावर पडद्यावर जी मांडणी दिसते, ती बहुधा ग्नोमची असते. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पासाठी २००० मध्ये अमेरिकेत ग्नोम फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. सॉफ्टवेअरमध्ये कोणते बदल करायचे हे तिचे संचालक मंडळ ठरवत नाही. प्रकल्पाचे नाव, निधी आणि करार सांभाळणे व गरज पडल्यास न्यायालयात उभे राहणे हे तिचे काम आहे. २०१४ मध्ये ग्रुपॉन या कंपनीने आपल्या उत्पादनासाठी ‘ग्नोम’ याच नावाच्या व्यापारचिन्हाचे अर्ज केले, तेव्हा संस्थेने लढ्यासाठी ८०,००० डॉलरचे आवाहन केले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. २०१९ मध्ये शॉटवेल या छायाचित्रे हाताळणाऱ्या प्रोग्रॅमवरून संस्थेवर पेटंटभंगाचा दावा झाला. पैसे देऊन प्रकरण मिटवणे सोपे होते, पण तिने ते नाकारले, हजारो देणगीदार पाठीशी उभे राहिले, आणि २०२० च्या तडजोडीत दावेदाराने केवळ ग्नोमलाच नव्हे, तर मुक्त परवान्याखालील इतर सॉफ्टवेअरलाही आपल्या पेटंटांपासून अभय दिले. विखुरलेल्या स्वयंसेवकांना, नोंदणीकृत संस्था पाठीशी नसती, तर हे साधले नसते, असे माझे ठाम मत आहे.

हीच संस्था काही वर्षे तुटीत चालली आणि २०२४ मध्ये तिला खर्च व कर्मचारी कमी करावे लागले. सल्लागार मंडळावरील कंपन्या वर्गणी देतात, पण त्यांना निर्णयाचा अधिकार नसतो. संचालकांची निवड सभासद करतात. ही स्वायत्तता टिकायची, तर सामान्य वापरकर्त्यांच्या लहान पण नियमित देणग्या वाढायला हव्यात.

ज्यांना देणगी शक्य नाही त्यांनी भाषांतर करावे. ग्नोमचे मराठी भाषांतर अजून अपूर्ण आहे, आणि भाषांतर करणाऱ्यालाही सभासद होऊन मतदान करता येते. आपल्या विद्यापीठांतील मराठी व संगणक विभागांनी मिळून हे काम हाती घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे