फरारी गुलाम कायदा : दहा-पाच डॉलरच्या पलीकडे

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील १८५० च्या फरारी गुलाम कायद्यावर, म्हणजे दक्षिणेतून उत्तरेत पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत धाडण्याच्या कायद्यावर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर फार कमी लिहिले जाते, म्हणून आधी आभार. मात्र लेखात तीन गोष्टी अशा आल्या आहेत की त्यातून वाचकाच्या मनात चुकीचे चित्र राहील.

लेखाचा सगळा भर दहा आणि पाच डॉलरवर आहे. पकडलेला माणूस मालकाच्या हवाली केला तर कमिशनरला १० डॉलर, सोडला तर ५, हे खरेच आहे. कलम ८ मध्ये तसे लिहिलेले आहे. हा कमिशनर म्हणजे आपल्याकडचा आयुक्त नव्हे. संघराज्याच्या न्यायालयाने नेमलेला, शपथपत्रे घेणे, जामीन ठरवणे असली किरकोळ कामे करणारा आणि पगाराऐवजी कामागणिक फी घेणारा तो अधिकारी. माणूस मालकाच्या हवाली करण्याचा दाखला लिहायला जास्त कागद लागतात म्हणून फी दुप्पट, असे कायद्याचे समर्थक सांगत. विरोधक त्याला उघड लाच म्हणत, आणि तो राग रास्त होता. पण दोन्ही वेळची फी सारखी ठेवली असती, तरी निकाल फारसे बदलले नसते. खरी मेख कलम ६ आणि कलम १० मध्ये आहे, आणि लेखात त्या दोन्ही कलमांचा उल्लेखही नाही.

कलम १० असे चाले. दक्षिणेतल्या व्हर्जिनियातला मालक आपल्याच गावच्या कोर्टात जाई. माझा अमुक गुलाम पळाला, असा पुरावा तो तिथे देई. समोर दुसरी बाजू नसेच, कारण ज्याच्याबद्दल हे चालले आहे तो शेकडो मैल दूर. कोर्ट त्याची नोंद करी, माणसाचे वर्णन लिही, कारकून नकलेवर शिक्का मारी. ही नक्कल उत्तरेत कमिशनरपुढे ठेवली की दोन गोष्टी कायमच्या सिद्ध धरल्या जात : हा माणूस गुलाम होता आणि तो पळाला. त्यावर उलट पुरावाच चालत नसे. कमिशनरने पाहायचे ते एवढेच, की समोरचा माणूस तोच आहे का. तेवढ्या एका प्रश्नावरही त्या माणसाने तोंड उघडायचे नाही, कारण कलम ६ प्रमाणे त्याची साक्ष ग्राह्य नव्हती. ज्युरी नाही, अपील नाही. एकदा दाखला मिळाला की कोणत्याही न्यायालयाने मालकाच्या वाटेत यायचे नाही, म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरणाचा, कैद कायदेशीर आहे का हे न्यायालयाकडून तपासून घेण्याचा, मार्गही बंद. पळून किती वर्षे झाली यालाही मर्यादा नव्हती.

व्हर्जिनियातून पळालेल्या अँथनी बर्न्सचा खटला पाहिला की हे यंत्र कसे फिरत होते ते कळते. २४ मे १८५४ रोजी त्याला बोस्टनमध्ये पकडले. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या कोर्टाच्या नकलेत त्याचे वर्णन होते : काळा वर्ण, उंची सुमारे सहा फूट, एका गालावर व्रण, उजव्या हाताच्या मागच्या बाजूस व्रण, वय तेवीस-चोवीस. मालकाच्या बाजूचा साक्षीदार म्हणाला, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी याला रिचमंडमध्ये पाहिले आहे. बचावाने एकामागून एक साक्षीदार उभे केले. मार्चच्या सुरुवातीपासूनच हा माणूस बोस्टनमध्ये काम करत होता, असे त्यांनी सांगितले. म्हणजे ओळखीबद्दल खरोखरीचा वाद होता. कमिशनर एडवर्ड लोरिंगने तो कसा मिटवला? पकडल्याच्या रात्री मालक चार्ल्स सटल कोठडीत आला होता. बर्न्सने त्याला ‘मास्टर’ म्हटले आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली. ही बोलणी लोरिंगने पुरावा म्हणून धरली. बचाव पक्षाचे वकील रिचर्ड हेन्री डेना यांचा आक्षेप असा, की कायदा याचे बोलणे याच्या बाजूने ऐकून घेत नाही, तर ते याच्याविरुद्ध कसे वापरता? लोरिंगने उत्तर दिले, साक्ष वेगळी आणि कबुली वेगळी. २ जूनला सैन्याच्या आणि तोफेच्या पहाऱ्यात बर्न्सला बोटीवर नेले. वाटेतल्या इमारतींवर काळी कापडे टांगली होती. पुढच्या वर्षी लोकांनी वर्गणी करून १३०० डॉलरला त्याला विकत घेऊन मुक्त केले. बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समधून त्यानंतर एकही माणूस परत नेता आला नाही.

ओळखीची चौकशी किती वरवरची होती हे त्याआधीच दिसले होते. डिसेंबर १८५० मध्ये फिलाडेल्फियाच्या कमिशनरने अ‍ॅडम गिब्सन नावाच्या माणसाला ‘एमरी राइस’ ठरवून मेरीलँडला धाडले. तिथे मालकाने त्याच्याकडे पाहिले आणि हा माझा माणूस नव्हे असे सांगितले, म्हणून गिब्सन परत आला. त्या मालकाने खोटे बोलायचे ठरवले असते, तर गिब्सनला सोडवणारी एकही तरतूद कायद्यात नव्हती.

दुसरा मुद्दा. यादवी युद्धात ‘दक्षिणेची राज्ये राज्यांच्या हक्कांसाठी लढली’ असे लेखात ओघात म्हटले आहे. या कायद्याच्या बाबतीत चित्र नेमके उलटे आहे. १७९३ चा जुना कायदा स्थानिक न्यायाधीशांच्या भरवशावर होता. १८४२ च्या प्रिग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांच्या अधिकाऱ्यांवर या कामाची सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यावर उत्तरेच्या अनेक राज्यांनी आपले तुरुंग आणि पोलीस काढून घेतले. संघराज्याचे न्यायाधीश मोजकेच, त्यामुळे पकडापकडी अडली. म्हणून १८५० मध्ये दक्षिणेने केंद्राचे बळ मागून घेतले : कमिशनर वाढवले, वॉरंट बजावायला नकार देणाऱ्या मार्शलला, म्हणजे संघराज्याच्या न्यायालयांचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याला, १००० डॉलर दंड, माणूस निसटला तर त्याची पूर्ण किंमत मार्शलकडून वसूल, आणि रस्त्यावरच्या कोणाही नागरिकाला मदतीला जुंपण्याचा अधिकार. फरारी माणसाला आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय मालकाला दर माणसामागे १००० डॉलर भरपाई. राज्याचा हक्क म्हणून या कायद्यापुढे उभे राहिले ते उत्तरेकडचे विस्कॉन्सिन. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये सरन्यायाधीश टॉनी यांच्या न्यायालयाने, म्हणजे संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला. आणि २४ डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलायनाने फुटून निघण्याची जी कारणे जाहीर केली, त्यात उत्तरेची राज्ये फरारी परत देत नाहीत ही तक्रार ठळक आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, त्यांत हा कायदा मोडून कोठडीत गेलेले लोकही होते. मराठी वाचकाला तरी ही बाजू उलटी सांगितली जाऊ नये.

तिसरी गोष्ट तारखेची. यादवी युद्ध सुरू होताच कायदा संपला असे लेखात आहे. युद्ध एप्रिल १८६१ मध्ये पेटले. मेरीलँड, केंटकी यांसारखी गुलाम ठेवणारी राज्ये संघराज्यातच राहिली होती आणि तिथल्या मालकांसाठी कायदा चालूच होता. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी फरारी परत करू नयेत, असा वेगळा नियम मार्च १८६२ मध्ये करावा लागला. १७९३ आणि १८५० चे दोन्ही कायदे रद्द झाले ते २८ जून १८६४ रोजी. निदान एवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
इतिहासाचा एक अभ्यासक, सातारा