खुराड्याची जागा

बेलापूर गाव,
रविवार दुपार

प्रिय शुभे,

चार महिने पत्र नाही, शिव्या घाल. गुडघा बरा आहे. पण तू पाठवलेला खुराड्याच्या जागेचा फोटो पाहिला आणि राहवेना. त्या कोपऱ्यात खुराडं बांधू नकोस!

कंपाउंडची आयती भिंत, विटा वाचतात, हे नंदूचं डोकं ना? अगं, येऊरच्या चढाचं सगळं पाणी तिथेच येऊन तुंबणार. पाणी आत शिरलं की खाली अंथरलेलं तूस भिजतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात, आणि ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण धरलीच. आता सगळं कोरडं दिसतं म्हणून फसू नकोस. फूटभर खोल खड्डा खण, बादलीभर पाणी ओत. तासाभराने तसंच असेल तर जागा बाद. (ओढ्याकाठी तंबू ठोकायचा हट्टही तुझाच होता. मी विसरलेले नाही.)

माझं ऐक, घराच्या ईशान्येला बांध, धुण्याच्या दगडापलीकडे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा; घरच आडोसा होतं आणि वासही घराबाहेरच्या बाजूला जातो. थंडीत वारा फिरतो, पण तेव्हा तूस कोरडं असतं. तिथे सासूबाई पापड वाळत घालतात, ठाऊक आहे. ती लढाई तुझी तू लढ.

लांबी पूर्व-पश्चिम ठेव, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतींवरच पडेल. सहा कोंबड्यांना आत सहा बाय चार फूट, बाहेर फिरायला दहा बाय सहा. जोतं दीड फूट, पत्रा चारही बाजूंनी अडीच-तीन फूट बाहेर. बाजूंची ताडपत्री खालून वर बांध आणि वरची वीतभर फट उघडी सोड. सगळं बंद केलंस तर आतली वाफ कुठे जाईल?

जांभळाची दुपारची सावली हवी, पण पत्र्यावर आलेली फांदी छाट, नाहीतर मांजराला जिनाच. माडाखाली तर अजिबात नको, झाप पडला की पत्रा गेला.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डेड. षटकोनी जाळी मुंगूस फाडतं. घूस जोत्याखालून पोखरते, म्हणून जाळीचा दीड फूट पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसर आणि मातीने झाक. बिबट्यापुढे मात्र जाळीची मिजास चालत नाही. म्हणून खुराडं घरापासून पंधरा-वीस फुटांतच हवं, रात्री कडी, आणि सांडलेला दाणा संध्याकाळीच झाडून घे. दाण्याला उंदीर येतात, उंदरांमागे साप. शिवाय तुझ्या त्या कोपऱ्याच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली आहे. कोंबडा पहाटे चारला सुरू होतो, मग भांडण तुझ्या दारात.

मीनलचा निकाल लागला का? नव्या नोकरीचं काय? दोन ओळी तरी लिही. नंदूला सांग, सिमेंट ओतण्याआधी मला फोन कर.

तुझी,
वसू